परड्यावरचे आकाश : कोंबड्या आणि बागेतील पक्ष्यांच्या संरक्षणाच्या नोंदी

3 जानेवारी 2024

कुडाळ तालुक्यातील आमच्या वाडीत महिला बचत गटाने मागील वर्षी परसातील कुक्कुटपालन सुरू केले. पाच घरांनी प्रत्येकी 20 प्रमाणे 100 गिरिराज पिल्ले घेतली आणि दिवाळीपर्यंत त्यांतील 39 नाहीशी झाली. लासोटाची लस वेळेवर दिलेली असल्यामुळे मानमोडी (राणीखेत) रोगाने पिल्ले गेली नाहीत. गटाची वही माझ्याकडे असते, आणि त्या वहीत गेलेल्या बहुतेक पिल्लांपुढे कारण म्हणून एकच शब्द लिहिलेला आहे, तो म्हणजे ‘घार’. यंदाची पिल्ले आणण्यापूर्वी हा शब्द कितपत खरा आहे ते पाहावे आणि त्यानुसार परड्यात काय बदलता येईल ते करून पाहावे, असे ठरवून आजपासून या नोंदी सुरू करीत आहे. सध्या पाचही घरांत मिळून 46 लहान पिल्ले फिरत आहेत, तेव्हा निरीक्षणासाठी थांबण्याची गरज नाही.

आमचे परडे, म्हणजे घरामागचे परसू, सुमारे तीन गुंठ्यांचे आहे. पश्चिमेला चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) आणि त्यापलीकडे माडांचे आगर, पूर्वेला जुना फणस, उत्तरेला मांगर (शेतीचे सामान ठेवण्याची खोप), आणि मधली सगळी जागा रोज झाडून लख्ख ठेवलेली आहे. पिल्लू खुराड्यापासून मांगरापर्यंत जायचे तर त्याला चाळीसेक पावले उघड्यावरून जावे लागते आणि त्या वाटेवर लपायला एक झुडूपसुद्धा नाही. हे आजवर माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

9 जानेवारी 2024

प्रत्येक घरी खुराड्याभोवती आणि गडग्याच्या फटींसमोर रोज संध्याकाळी चुलीतली राख चाळून पसरायला सुरुवात केली आहे, म्हणजे रात्री किंवा पहाटे पायांनी चालत येणारा कोणीही तिच्यावर ठसा ठेवून जाईल. पिसे सापडली तर ती फेकून न देता कागदी पिशवीत ठेवावीत, असेही सर्वांना सांगितले आहे. शिकारी पक्षी सावजाची पिसे चोचीने उपटतो, त्यामुळे पिसाचा दांडा मुळापर्यंत शाबूत राहतो, आणि एकाच जागी पिसांचा सडा पडलेला दिसतो. मुंगूस किंवा मांजर पिसे चावून तोडते, त्यामुळे दांडा मध्येच तुटलेला किंवा चेचलेला असतो. लहान पिल्लाच्या बाबतीत मात्र ही खूण उपयोगी पडत नाही, कारण घार ते पायांत धरून उचलते आणि मागे काहीच उरत नाही.

19 जानेवारी 2024

सोळा दिवसांत पाच घरांतून 11 पिल्ले गेली. त्यांपैकी 4 घारीने उचलताना कोणी ना कोणी प्रत्यक्ष पाहिले आणि 2 शिक्र्याने नेली. 3 पिल्ले मुंगसाने नेल्याचे राखेतील ठशांवरून आणि गडग्याच्या भोकात अडकलेल्या पिसांवरून स्पष्ट झाले. एक पिल्लू कावळ्यांनी मारले आणि एकाचा पत्ता लागला नाही. म्हणजे घारीच्या नावावर लिहिले जाणारे नुकसान मोठे आहे खरे, पण त्यातला बराचसा भाग जमिनीवरून येतो, आणि जमिनीवरून येणाऱ्याला आकाशात जाळे बांधून अडवता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट घारीच्या येण्याच्या वेळेवरून कळली. चारही पिल्ले सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान गेली आणि चारही वेळा त्या घरी मासळी आलेली होती. आमच्याकडे बांगडे, तारल्या साफ करून खवले आणि आतडी मागच्या दारी टाकून देण्याची जुनी सवय आहे. घार मुळात मेलेले आणि टाकलेले खाणारी असल्यामुळे ती तो कचरा आणि कावळ्यांची गर्दी पाहून येते, घिरट्या घालते, आणि आतड्यांशेजारी टिपत असलेले पिल्लू तिला आयते मिळते. तिला परड्याची वाट आम्हीच दाखवली, हे लिहिताना मला वाईट वाटते. आजपासून पाचही घरांत माशांचा कचरा माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरायचा आणि वर माती दाबायची असे ठरले आहे. माडाला खत मिळेल, हा वेगळा लाभ.

27 जानेवारी 2024

आज सकाळी सव्वाआठला शिक्र्याचा हल्ला अगदी आठ-दहा हातांवरून पाहिला. शिक्रा हा कबुतरापेक्षाही थोडा लहान पक्षी आहे आणि घारीसारखा आकाशात घिरट्या घालत नाही, त्यामुळे तो येण्यापूर्वी दिसतच नाही. फणसाच्या दाट पानांत तो किती वेळ बसला होता कोणास ठाऊक. आमच्या कोंबड्याने मान एका बाजूला कलती करून एक डोळा वर लावला आणि घशातून एक लांब, बारीक, किंचाळल्यासारखा सूर काढला. मुंगूस दिसल्यावर तो जो तुटक ‘कॉक-कॉक-कॉक’ असा कलकलाट करतो त्याहून हा सूर पूर्णपणे निराळा होता. त्याच क्षणी तांबडी कोंबडी जमिनीला चिकटून बसली, तिची सात पिल्ले तिच्या पंखांखाली आणि डालग्याच्या कडेखाली शिरली, जास्वंदीवरचे बुलबुल गप्प झाले आणि राखाडी रेघ ओढावी तसा शिक्रा जमिनीपासून हातभर उंचीवरून आडवा गेला. त्याचे पाय पुढे आले होते, पिवळे आणि बारीक. ते रिकामेच परत गेले आणि तो गडग्यावर बसला. लालसर डोळ्यांनी त्याने एकदा खाली पाहिले आणि आगरात निघून गेला. त्यानंतर बराच वेळ परड्यात एकही पक्षी बोलला नाही.

शेजारच्या काकींकडे मात्र शिक्र्याने नेलेली दोन्ही पिल्ले विकत आणलेली, म्हणजे दिव्याखाली वाढलेली होती. त्यांना आई नव्हती. कोंबड्याने इशारा दिला तरी त्या सुराचा अर्थ त्यांना कोणी शिकवलेला नव्हता आणि शिरायला पंखही नव्हते. यंत्रातली पिल्ले आणि कोंबडीखालची पिल्ले यांच्या नुकसानीतला फरक मला आजवर जातीचा वाटत होता. आता तो आईचा आहे असे वाटू लागले आहे. हे तपासून पाहायचे आहे.

8 फेब्रुवारी 2024

मांडवाचे काम चार दिवसांत पूर्ण झाले. खुराड्यापासून मांगराच्या भिंतीपर्यंत 24 फूट लांब, 12 फूट रुंद आणि माणूस न वाकता चालू शकेल इतका उंच असा चिव्याचा (बारीक बांबूचा) मांडव घातला असून मेढी दोन फूट खोल पुरल्या आहेत आणि आडव्या काठ्या काथ्याच्या दोरीने बांधल्या आहेत. वर वेंगुर्ल्याहून आणलेले मासेमारीचे जुने जाड जाळे ताणले आहे. त्याची आस, म्हणजे विणीतले भोक, साधारण दीड इंचाची आहे. बारीक, पारदर्शक तंगूसाचे जाळे स्वस्तात मिळत होते, परंतु ते पक्ष्यांना दिसत नाही आणि पंख अडकला की सुटत नाही, म्हणून ते घेतले नाही. जाड हिरव्या दोऱ्याचे जाळे लांबूनच दिसते, आणि पक्ष्याला ते दिसणे हेच आमच्या उपयोगाचे आहे. जाळे सैल राहू नये म्हणून दर तीन फुटांवर बांधून घेतले आहे. आपण हाताने दाबले तर ते झोळीसारखे खाली न येता ढोलाच्या चामड्यासारखे परत वर यावे, इतका ताण हवा.

बाजूंना तेच जाळे जमिनीपर्यंत सोडले आहे. खर्च बेताचाच आला, कारण चिवा घरचा होता.

13 फेब्रुवारी 2024

चूक झाली, आणि ती मांडवाच्या बाजूच्या जाळ्यामुळे झाली. सकाळी पाणी घालायला गेले तेव्हा खालच्या सैल घडीत एक मोठी धामण अडकलेली दिसली. पुढे सरकण्याच्या धडपडीत तिने जाळ्याचे तीन-चार फास स्वतःच्या अंगावर आवळून घेतले होते आणि एका ठिकाणी दोरा खवल्यांच्या खाली रुतला होता. वाडीतल्या एका जाणत्या मुलाने तिच्या डोक्यावर ओले पोते टाकले, मी शिवणाच्या कात्रीने एकेक दोरा कापत गेले, आणि अर्ध्या तासाने ती गडग्याकडे निघून गेली. धामण उंदीर खाते आणि आमच्या भाताच्या कणगीची राखण करते. पिल्ले वाचवण्यासाठी घातलेल्या जाळ्याने तिचाच जीव जाण्याची वेळ आली होती.

दुपारीच बाजूंचे जाळे जमिनीपासून तीन फुटांपर्यंत कापून टाकले आणि त्या जागी अर्ध्या इंचाची ताठ लोखंडी जाळी लावली. तिचा खालचा वीतभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली पुरला आहे, म्हणजे मुंगसाने कडेला उकरायला सुरुवात केली तरी त्याला लोखंडच लागेल. जाळे फक्त वर आणि जाळी खाली, हा नियम इतर चार घरांनाही कळवला आहे.

22 फेब्रुवारी 2024

गटाच्या बैठकीत आज बराच वाद झाला. एका घरच्या मुलांनी माडांच्या मध्ये पतंगाचा नायलॉन मांजा ताणण्याची कल्पना मांडली आणि दुसऱ्या घरातून मेलेल्या पिल्लाला कीटकनाशक लावून ठेवावे असे सुचवले गेले. काकी तर पिल्लांच्या नुकसानीने कळवळून म्हणाल्या, “गे बाय, घारीन माझी तीन पिलां नेल्यान, तिची मी काय पूजा करू?” त्यांचे दुःख खरे आहे. ज्या घरात अंड्यांच्या पैशातून मुलीच्या वह्या येतात त्या घरातून एक तलंग (तरुण कोंबडी) जाणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

तरीही दोन्ही गोष्टींना मी ठाम नकार दिला. घार, शिक्रा, घुबड हे सर्व पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार संरक्षित असून त्यांना मारणे किंवा त्यांचे घरटे मोडणे हा गुन्हा आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे. तो मांजा शिक्र्याइतकाच बगळ्याला आणि सायकलवरून जाणाऱ्या मुलाच्या गळ्यालाही कापतो. विषाचे तर विचारूच नये, कारण विषारी पिल्लू घारच खाईल असे नाही. ते कावळा खाईल, घरचे मांजर खाईल, वाडीतला कुत्रा खाईल, आणि उरलेले विष पावसाबरोबर विहिरीकडे जाईल. शिवाय एक घार मेली म्हणून आकाश रिकामे राहत नाही. जागा आणि खाणे दोन्ही तिथेच असतील तर दुसरी येते.

शेवटी एक सीडी, दोन चकचकीत पट्ट्या आणि एक बुजगावणे काकींच्या परड्यात लावून पाहण्याचे ठरले. त्याचा अनुभव इथेच पुढे जोडते: पहिले चार दिवस घार लांब राहिली, सहाव्या दिवशी ती बुजगावण्याच्या टोपीवर बसली.

6 मार्च 2024

उन्हाळा चढू लागल्यामुळे बागेतील पक्ष्यांसाठी पाण्याची मातीची परळे ठेवली. पहिल्याच आठवड्यात बुलबुल, दयाळ, सातभाई, साळुंक्या आणि होले येऊ लागले, आणि त्यांच्यामागून शिक्राही आला. परळ मी हौसेने खळ्याच्या (अंगणाच्या) मधोमध ठेवले होते. ओल्या पंखांच्या पक्ष्याला पटकन उडता येत नाही, आणि तिथून सर्वांत जवळचे झुडूप वीस पावलांवर होते. मंगळवारी एक होला गेला.

आता परळ जास्वंदीच्या दाट जाळीपासून पाच-सहा हातांवर ठेवले आहे. एका उडीत पक्षी आत शिरावा इतके ते जवळ आहे आणि झुडपात दबा धरलेल्या मांजराला थेट झडप घालता येऊ नये इतके दूर आहे. करवंदीची जुनी जाळी आम्ही यंदा तोडणार होतो, ती ठेवली आहे, कारण तिच्या काट्यांत शिंपी आणि मुनिया सहज शिरतात आणि शिक्रा बाहेरच थांबतो. खोलीच्या मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने चुन्याचे ठिपके दोन-दोन इंचांवर काढले आहेत, कारण शिक्रा मागे लागला की घाबरलेले पक्षी काचेतल्या आकाशाकडे झेपावतात आणि आपटून मरतात.

कोंबड्यांचे पाणी व दाणे आणि रानपक्ष्यांचे पाणी या गोष्टी वेगळ्या ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला बर्ड फ्लूमुळे कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे कुक्कुटपालन करणाऱ्याने विसरू नये. म्हणून कोंबड्यांचे दाणे आता फक्त मांडवाखाली टाकले जातात, आणि परळे रोज घासून भरली जातात.

30 मार्च 2024

आगराच्या कडेच्या आंब्यावर शिक्र्याच्या जोडीने घरटे बांधायला घेतले आहे. काटक्यांचा विस्कळीत ढीग म्हणावा असे ते घरटे आहे आणि नर दिवसभर ‘टिटू, टिटू’ असा दोन सुरांचा आवाज करीत काटक्या आणतो. घरटे आमच्या मांडवापासून जेमतेम साठ पावलांवर आहे. वाडीतल्या दोघांनी ते आत्ताच पाडण्याचा सल्ला दिला. पाडणार नाही. शिक्र्याचे मुख्य खाणे सरडे, पाली, उंदीर, खारी, टोळ आणि लहान पक्षी हे आहे. आमचे पिल्लू हे त्याच्या दृष्टीने सोपे सावज आहे म्हणून तो येतो, आणि ते सोपे राहू न देणे आमच्या हातात आहे.

पिल्लांना भरवण्याचा त्याचा काळ एप्रिलअखेर ते जून असा येईल. त्या काळात आमच्या उघड्या परड्यात दोन-तीन आठवड्यांची पिल्ले असू नयेत, म्हणून अंडी बसवण्याचे वेळापत्रकच बदलत आहोत. आता ज्या कोंबड्या खुडूक आहेत त्यांच्याखाली आज अंडी ठेवली तर पिल्ले 20 एप्रिलच्या सुमारास निघतील आणि जूनअखेरपर्यंत मांडवाखालीच राहतील. ज्या घरी मांडव नाही, त्यांनी पावसाळा लागेपर्यंत अंडी बसवू नयेत असे ठरले. यामुळे दोन महिन्यांचे उत्पन्न मागे पडते, याची मला जाणीव आहे.

21 एप्रिल 2024

आमच्याकडे दोन कोंबड्यांची मिळून 17 पिल्ले निघाली. काल रात्री हॅचरीतून आणलेली एका दिवसाची 8 गिरिराज पिल्ले अंधारात एकेक करून तांबड्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. तिने थोडी मान हलवली आणि घशातल्या घशात गुरगुरली, पण टोचले नाही. सकाळी ती सर्वांना घेऊन बाहेर आली तेव्हा स्वतःची आणि परकी असा फरक तिने केलेला दिसला नाही. हे पहिल्या एक-दोन दिवसांतच जमते. पिल्ले चार दिवसांची झाली की आई त्यांना ओळखत नाही आणि ती आईला मानत नाहीत. दुपारी कोंबड्याने तो लांब सूर काढला तेव्हा आठांपैकी सहा पिल्ले तिच्याखाली शिरली होती.

याच सुमारास मांगराशेजारच्या शेवग्यावर कोतवालाने घरटे केले आहे. हा कावळ्याहून बराच लहान काळा पक्षी घारीच्या पाठीवर बसून तिला टोचत हाकलून लावतो आणि त्याच्या घरट्याच्या आसऱ्याने बुलबुल आणि होले आपली घरटी करतात. गेल्या दहा दिवसांत आमच्या परड्यावर घार पाच वेळा आली आणि पाचही वेळा त्याने तिला माडांच्या पलीकडे पोहोचवले. शेवग्याच्या फांद्या या महिन्यात छाटायच्या होत्या. ते काम पावसानंतर करू.

14 मे 2024

काकींची पाच महिन्यांची तलंग आज गेली. डोक्यावर शेंडी असलेल्या मोठ्या गरुडाने, ज्याला आमच्याकडे मोरघार म्हणतात, तिला उघड्या खळ्यात दाबून धरले होते. काकी धावत गेल्यावर तो तिला तिथेच टाकून फणसावर जाऊन बसला. छातीचा भाग फाटला होता आणि भोवती पांढऱ्या पिसांचा सडा पडला होता. ती वाचणार नव्हतीच. कळपात तीच एक पांढरी होती, आणि याआधी घारीने नेलेल्या मोठ्या पिल्लांतही पांढऱ्यांची संख्या जास्त दिसते, त्यामुळे पुढच्या खेपेला तांबड्या आणि कबऱ्या रंगाचीच पिल्ले मागवावीत असे वाटते. मोरघार आमच्या भागात रोज दिसत नाही. तो दोन-चार दिवस त्याच फणसावर येईल, म्हणून कोंबड्या तेवढे दिवस दुपारी चारनंतरच, माणूस परड्यात असतानाच सोडायच्या.

काकींनी आज स्वतःहून मांडवासाठी चिवा तोडायला सांगितला.

11 जून 2024

पाऊस लागला. मांडवाच्या चारही मेढींजवळ पडवळ, दोडका आणि काकडीचे बी लावले होते, ते आता हातभर वर आले आहे. महिन्याभरात वेल जाळ्यावर पसरले की वरचे जाळे जवळजवळ अनावश्यक होईल, कारण दाट पानांच्या छतातून घारीला पिल्लू दिसतही नाही. मात्र भिजलेली पाने आणि फणसाची गळ साठून जाळ्याला दोन ठिकाणी पोट आले होते. ते काठीने खालून उचलून झाडले आणि दोऱ्या पुन्हा ताणल्या. हे काम पावसात दर आठवड्याला करावे लागणार आहे.

आज सकाळी एका घरून शिक्रा आल्याचा निरोप आला, बुलबुलही ओरडत होते. जाऊन पाहिले तर तो पावशा होता. राखाडी पाठ, पोटावरचे पट्टे, लांब शेपूट आणि फांदीवर येऊन बसण्याची ढब हे सगळे शिक्र्यासारखेच असल्यामुळे लहान पक्षीही फसतात. थोड्या वेळाने त्याने ‘पेरते व्हा’ म्हटले तेव्हा कुठे निरोप आणणाऱ्या मुलाची खात्री पटली.

3 जुलै 2024

आमच्या मांडवातील 25 पिल्लांपैकी 22 आज दहा आठवड्यांची होऊन बाहेर पडली. दोन पिल्ले पहिल्या आठवड्यात गारठ्याने गेली आणि एक मांडवाचे दार उघडे राहिल्यामुळे मुंगसाने नेले. आकाशातून एकही गेले नाही. आंब्यावरच्या शिक्र्याची तीन पिल्ले उडती झाली आहेत आणि दिवसभर आगरात सरड्यांमागे धडपडताना दिसतात.

काकींचा आणि आणखी एका घराचा मांडव उभा राहिला आहे, दोन घरांचे चिवे अजून तोडायचे आहेत. माशांचा कचरा पुरण्याचे काम चार घरांत नीट चालू आहे. पाचव्या घरी पावसात आळी पाण्याने भरतात, म्हणून तिथे झाकणाचा जुना ड्रम द्यायचा आहे. वहीतील ‘कारण’ हा रकाना आता मोठा केला असून त्यात घार, शिक्रा, मोरघार, मुंगूस, मांजर, कावळा, रोग आणि ‘माहीत नाही’ असे वेगवेगळे घर आखले आहे. गुरुवारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीच्या कुप्या बर्फात आणायच्या आहेत, आणि येताना काकींसाठी अर्ध्या इंचाची जाळी, चौदा फूट.